फोटो तोच, ॲप नवं

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की मोबाइलला आपली जागा उपग्रहांकडून कशी कळते. आज त्याच जागेवरून होणारी कटकट. कन्नड तालुक्यात ती वर्षातून दोनदा तरी ऐकू येते, खरिपाच्या आणि रब्बीच्या पीक पाहणीला. ‘मागच्या साली फोटो घेतला होता, औंदा ॲप घेईना.’

सातबाऱ्यातल्या ‘बारा’ची, म्हणजे पिकांची नोंद पूर्वी तलाठी करायचे. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात अजून तलाठीच.) १५ ऑगस्ट २०२१पासून हे काम शेतकऱ्याच्या हातात आलं. राज्य सरकारने टाटा ट्रस्टच्या मदतीने ‘ई-पीक पाहणी’ ॲप राज्यभर आणलं: गट नंबर निवडा, पीक आणि क्षेत्र भरा, फोटो काढा, पाठवा. पहिल्या वर्षी बोंब झालीच, पण ती नवं शिकण्याची होती. पोरगा-पुतण्या दाखवतो, दोन हंगामांत हात बसतो आणि तक्रार विरून जाते. हात बसल्यावर ॲपच वेगळं वागू लागलं की येणारा राग मात्र निराळा असतो. शिकलेलंच आता आडवं येतं.

काय बदललं ते बघा. २०२२च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश भरलेले होते. फोटो काढताना तुम्ही त्या बिंदूपासून किती लांब आहात हे दिसायचं, आणि निवडलेल्या गटात उभे नसाल तर तसा संदेश यायचा. शेतकऱ्याच्या सोयीच्या गोष्टीही होत्या: नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्ती, मिश्र पिकांची नोंद, आणि शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित धरून तलाठ्याकडून त्यातल्या फक्त दहा टक्क्यांची तपासणी. माझ्या मते हा चांगला बदल होता. चूक दाखवायची, पण माणसाला अडवायचं नाही, असा त्याचा रोख होता.

मग केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेलं ‘ई-पीक पाहणी (डीसीएस)’ आलं. आधी निवडक तालुक्यांत आणि २०२४च्या रब्बीपासून राज्यभर. आता पिकाचा फोटो गटापासून ५० मीटरच्या आतून घेणं बंधनकारक झालं. काल जी सूचना होती ती आज अट झाली. नाव जवळपास तेच, भरायची माहिती तीच, म्हणून हात जुन्या वळणानेच चालतो. जिथे रेंज मिळते त्या रस्त्याच्या कडेला थांबून फोटो काढायची सवय असलेल्या माणसाला आपलं काय चुकलं हेच उमगत नाही. त्याच्या लेखी ॲप बिघडलं.

अट बिनबुडाची नाही. घरबसल्या भलत्याच वावराचे फोटो चढवले, तर पिकांच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. पण अट पाळूनही नकार येऊ शकतो, आणि खरा संताप तिथे होतो. उघड्या आकाशाखाली साध्या मोबाइलची जागा पाच मीटरच्या आसपास बरोबर येते. नागदसारख्या घाटाखालच्या गावात, डोंगराच्या कुशीतल्या वावरात आकाशच अर्धं दिसतं, तिथे चूक वाढते. शिवाय जीपीएस नुकतंच सुरू केलेलं असेल, तर उपग्रह नेमके कुठे आहेत ही माहिती फोनला आधी मिळवावी लागते. रेंज असेल तर ती इंटरनेटवरून झटकन येते. रेंज नसेल तर थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि त्याला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त लागतं. तेवढ्यात बटण दाबलं, तर फोन जुनी किंवा अंदाजाची जागा सांगून मोकळा होतो. त्यात गावनकाशा साखळीच्या मोजणीतून आलेला. कागद स्कॅन करून अक्षांश-रेखांशांवर बसवताना रेघ सरकू शकते. मग माणूस आपल्या मक्यात उभा असतो आणि ॲप म्हणतं, तुम्ही इथे नाही.

हात बसलेलं बदललं की राग सगळीकडेच येतो. २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८मधून ‘स्टार्ट’चं बटण काढलं तेव्हा जगभर ओरड झाली. पुढच्या वर्षी ८.१मध्ये बटण परत आलं. पण ज्यांना बदल नको होता, ते मधल्या काळात विंडोज ७वर खुशाल बसून होते; त्याला २०२०च्या जानेवारीपर्यंत सुरक्षा अपडेट मिळत होते. कन्नडच्या शेतकऱ्याला ती सवड नाही. नोंद सरकारी सर्व्हरवर जाते. सर्व्हरने जुन्या ॲपला दार लावलं की जुनं ॲप फोनमध्ये असून नसल्यासारखं.

आणि अडकलेली गोष्ट पैशाची. २०२३च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असं साहाय्य सरकारने जाहीर केलं, तेव्हा आधी ई-पीक पाहणीची नोंद हीच अट होती. ओरड झाल्यावर ती शिथिल करावी लागली. कपाशीच्या या तालुक्यात ॲपमधला एक नकार कुणाला केवढ्याला पडू शकतो, याचा हिशेब अवघड नाही.

बदल कधी येतो, हाही प्रश्न आहे. साधारण १ ऑगस्टला खरिपाची पाहणी सुरू होते, तेव्हा मका वाढीला लागलेला, वावरात चिखल, फवारणीची धांदल. नवी आवृत्ती नेमकी त्याच सुमारास हाती पडली, तर सराव करायचा कधी? २०२५च्या खरिपात १४ सप्टेंबरची मुदत पुढे ढकलावी लागली. मुदत वाढते, पण जुनी सवय मोडायला जो निवांतपणा लागतो तो त्यातून मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नवी आवृत्ती मे महिन्यात द्या, आणि नकार देताना कारण सांगा: अंतर किती आलं, जीपीएसची चूक किती मीटरची, किती पावलं कुठल्या दिशेला सरकायचं. हे आकडे फोनकडे त्या क्षणी असतातच.

तोवर हे करता येईल. अपडेट घरीच, रेंजमध्ये करून घ्या. वावरात पोचल्यावर लोकेशन चालू करून झाडाखालून मोकळ्यावर या, मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि मगच कॅमेरा उघडा. तरीही ॲप ऐकेना, तर शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची पाहणी गावासाठी नेमलेले सहायक करतात. त्यांना गाठा, आणि आपल्या गटाची नोंद झाली की नाही हे ॲपमध्ये पाहून घ्या.

पुढच्या आठवड्यात: बांधावरचा दगड आणि नकाशावरची रेघ जुळत का नाहीत?