एडमन्स्टन नावाच्या मुलाचा गोवर

नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यभरातल्या शाळांत गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा नाशिकच्या आमच्या वर्गातही मोबाईलवरच्या अफवा येऊन पोहोचल्या होत्या. ‘‘बाई, या सुईत नेमकं असतं काय?’’ सातवीतल्या एका मुलीने विचारलं. अशक्त केलेले जंतू, एवढं सांगून भागत नाही. ते अशक्त कसे करतात हे कळल्याशिवाय मुलांची भीती जात नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून लसीचा धडा मी आता त्यांच्याच वयाच्या एका मुलापासून सुरू करते.

1954 साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका निवासी शाळेत गोवराची साथ आली. डॉ. थॉमस पीबल्स यांनी तिथल्या आजारी मुलांच्या रक्ताचे आणि घशातले नमुने घेतले. डेव्हिड एडमन्स्टन या तेरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातून विषाणू हाती लागला. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत तो आधी माणसाच्या पेशींत, मग कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात आणि गर्भाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवला गेला. परक्या पेशींत वाढायची सवय लागली, तसा तो माणसाला आजारी पाडण्यात कमी पडू लागला. आपल्या शरीराला त्याची ओळख मात्र पटत राहिली.

1963 मध्ये लसीला परवाना मिळाला. पण तिने बऱ्याच मुलांना ताप यायचा, पुरळ उठायचं. सोबत प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन द्यावं लागे. मग लसीतल्या विषाणूचा तो वाण आणखी सौम्य करण्यात आला. हा भाग मी मुद्दाम सावकाश शिकवते, कारण परवान्यानंतरही लस तपासली जाते, सुधारली जाते, हे मुलांना कुणी सांगतच नाही. अशा सुधारित वाणांपैकी एक म्हणजे एडमन्स्टन-झाग्रेब. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीत हाच वाण असतो. हे ऐकलं की मुलं आपल्या दंडाकडे बघतात!

2022 च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराने पुन्हा डोकं वर काढलं. संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करू शकतो. साथ रोखायला सुमारे 95 टक्के मुलं सुरक्षित लागतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात फार तर दोघं संरक्षणाविना राहिली तर चालतील. गणित मुलंच फळ्यावर मांडतात. नंतर मी त्यांना घरातल्या लहान भावंडांचं लसीकरण कार्ड बघायला सांगते: पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. बऱ्याचदा दुसऱ्याचीच जागा कोरी असते.