नवे नियम आणि राखून ठेवलेला डाव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नववीतील नातू दोन दिवस कोणाशी धड बोलत नव्हता. चौकशी करता कळले, की दीड वर्ष तो संगणकावर जो खेळ खेळत होता त्याची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात त्याचा जुना राखून ठेवलेला डाव उघडेनासा झाला. त्याने वसविलेले गाव, जमविलेली सामग्री, पार केलेल्या पायऱ्या, सारे गेले. ‘मग पुन्हा पहिल्यापासून खेळ की,’ असा सरळ सल्ला त्याच्या आईने दिला. त्यावर तो म्हणाला, ‘खेळ आहे गं, पण माझा नाही.’ घरातल्या मोठ्यांनी हे हसण्यावारी नेले. मला मात्र ते वाक्य विसरता आले नाही.

ज्या वाचकांचा या खेळांशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. पूर्वी बुद्धिबळाच्या स्पर्धांतून लांबलेला डाव तहकूब करण्याची प्रथा होती. ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढील खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करावी, लिफाफा पंचांच्या स्वाधीन करावा, आणि ठरल्या वेळी त्याच स्थितीपासून डाव पुढे चालू व्हावा, अशी ती रीत. संगणकावर राखून ठेवलेला डाव म्हणजे असाच एक लिफाफा असतो. आता अशी कल्पना करा, की लिफाफा पंचांच्या कपाटात असतानाच कोणीतरी घोड्याची चाल बदलली. सकाळी लिफाफा फोडला तर कागद तोच, अक्षर तेच. पण त्या खेळीला अर्थ राहिलेला नाही.

अशा वेळी खेळाडू खेळ सोडून जातात काय? चार दिवस आरडाओरड होते आणि मग सारे विसरून लोक पुन्हा खेळू लागतात, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर अर्धेच खरे आहे असे मला वाटते. किंबहुना हा प्रश्नच संगणकाहून पुष्कळ जुना असून, त्याचा अनुभव घेतलेली माणसे आपल्या सातारा-सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदून गेली आहेत.

सांगलीचे उदाहरण आधी घेऊ. या गावात बुद्धिबळ संस्थानी काळापासून रुजलेले. परंतु आपले वाडवडील ओसरीवर जे बुद्धिबळ खेळत, ते आजचे बुद्धिबळ नव्हे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेसही सामान्यतः एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले म्हणजे ते हवे ते मोहरे होत नसे; ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल ते मोहरे होई. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. शिवाय प्याद्याने केलेल्या मातेचा मान मोठा होता. ‘प्यादेमात’ या शब्दाला जी धार आहे ती तेथूनच आली. नियमांत प्रांतोप्रांती थोडाफार फरक असे, तो वेगळाच.

पुढे १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, आणि १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी झाली. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे तिचे संयुक्त विजेते. नव्या नियमांचे हे राज्य एका रात्रीत आले असे नव्हे. गावोगावच्या ओट्यांवर देशी डाव त्यानंतरही रंगत राहिले. पण मानमरातब, प्रवास, वर्तमानपत्रातील नाव हे सारे नव्या पद्धतीच्या वाट्याला गेले.

माझे थोरले मामा साताऱ्यास राहत. देशी बुद्धिबळात त्यांचा हात धरणारा त्यांच्या पेठेत कोणी नव्हता. त्यांच्यापाशी लाल बांधणीची एक वही होती. तीत त्यांनी तीस वर्षांत जमविलेल्या स्थिती आखून ठेवल्या होत्या: येथून सात खेळ्यांत मात, येथून प्यादेमात, येथे हरता डाव बरोबरीत सुटतो. सत्तरच्या सुमारास पेठेतील पोरे नव्या नियमांनी खेळू लागली तेव्हा मामांनी एकदोनदा त्यांच्याशी खेळून पाहिले. हरल्याचे त्यांना फारसे वाटले नसावे. एका डावात त्यांनी जाळे विणीत आणले, समोरच्या मुलाचे प्यादे घोड्याच्या घरात शिरले आणि त्याने तेथे खुशाल वजीर उभा केला. मामांच्या हिशेबी तेथे घोडाच व्हायला हवा होता. ते काही बोलले नाहीत. मोहरी पिशवीत भरली आणि उठले. त्यानंतर पटावर बसलेले मी त्यांना पाहिले नाही.

मामांची वही फाटली नव्हती, हरवली नव्हती. तिच्यातील एकूण एक स्थिती नव्या पटावर मांडता येत होती. मांडल्यावर तिचे उत्तर मात्र चुकत होते. राखून ठेवलेली वस्तू मुळीच उघडत नाही हे दुःख एका परीने सोसवते. ती उघडते आणि खोटे बोलते, हे त्याहून वाईट.

ही अडचण आपल्या लोकांच्या लक्षात फार पूर्वी आली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मुंबईत १८१४ साली छापला गेला. त्याच्या शीर्षकातच असे नमूद आहे, की यातील स्थिती युरोपीय पद्धतीच्या खेळास जुळवून घेतल्या आहेत. म्हणजे जुना ठेवा टाकून न देता, नव्या नियमांत तो खरा ठरेल अशा रीतीने फिरवून देण्याचे कष्ट कोणीतरी घेतले होते. मामांच्या वहीच्या वाट्याला असा शास्त्री आला नाही.

देशी खेळात मुरलेला माणूस नव्या नियमांत नामोहरमच होतो असे मात्र कोणी समजू नये. पंजाबच्या सुलतानखानांनी आंतरराष्ट्रीय नियम विशीनंतर शिकले, १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटनची अजिंक्यपदे मिळविली. हेस्टिंग्जला त्यांनी प्रत्यक्ष कापाब्लांकाला हरविले. जाणकार त्यांच्या खेळाविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात: डावाची सुरुवात कच्ची, मध्य आणि शेवट पक्का. याचे कारण उघड आहे. प्यादे दोन घरे चालू लागले की सर्वांत आधी सुरुवात बदलते, तेव्हा तेथला साठा फुकट गेला. मधल्या झुंजीचे शहाणपण बव्हंशी तसेच कामी आले. पण सुलतानखानांच्या मागे त्यांना विलायतेस नेणारा धनी होता. पेठेतल्या मामांच्या मागे कोण होते?

आता कोणी म्हणेल, की सांगलीचे यात नुकसान काय झाले? आणि ते म्हणणे खोटेही नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने नव्या नियमांचाच खेळ गावात वाढविला आणि उन्हाळी स्पर्धांनी सांगलीचे नाव देशभर नेले. भाग्यश्री साठे-ठिपसे १९८५ ते १९९४ या काळात पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या; महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. नियम जागतिक झाले नसते तर या मुली सांगलीच्या वेशीबाहेर कोणाशी खेळल्या असत्या? नियम बदलणे योग्यच होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती हिशेबाच्या रीतीविषयी. नियम बदलल्यावर खेळाडू वाढले, असे आपण मोजून सांगतो. परंतु जे आले ते कोण आणि जे गेले ते कोण, हे त्या आकड्यात दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलीपाशी साठविलेले काहीच नसते, म्हणून तिचे काहीच जात नाही. ज्याची वही भरलेली असते तोच उठून जातो, आणि तोही मुकाट्याने. आरडाओरड करणारे बहुधा परत येतात. मामांसारख्यांची नोंद कोठेच होत नाही. संगणकाचे खेळ तयार करणाऱ्यांनीही, तक्रारी थांबल्या म्हणजे खेळाडू टिकले, असे मानू नये ते यासाठी.

बुद्धिबळात निदान पोट अडकलेले नसते. कुस्तीत ते अडकते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जत्रांची मैदाने आजही तांबड्या मातीवर भरतात. तेथली रीत निकाली कुस्तीची: पाठ लागेपर्यंत झुंज. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आणि गुणांची. मातीत लंगोटाची पकड चालते. गादीवर पोशाख धरणे हा दोष. मातीतला मल्ल प्रतिस्पर्ध्याला थकवून, त्याचा दम जोखून मग डाव टाकतो. गादीवर तोवर वेळ संपलेली असते. वस्तादाने दहा वर्षे घोटून घेतलेला धीर तेथे गुणफलकावर उणा दिसतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादीचा त्यांना पुरेसा सराव नव्हता. ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. ही नावे घेऊन, मातीतला गडी मनात आणील तर गादीवरही जिंकतो, असे व्यासपीठांवरून सांगण्यात येते. खाशाबांना लंडन आणि हेलसिंकी यांच्यामध्ये चार वर्षे मिळाली, हे सांगण्यात येत नाही. अठरा वर्षांच्या पोराला, ज्याच्या खुराकासाठी बापाने म्हैस विकली आहे, गादीच्या निवड चाचणीत तेवढी सवड कोण देणार?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवले आहेत आणि दोहोंच्या विजेत्यांत किताबाची लढत होते. साताऱ्यात एप्रिल २०२२ मध्ये हीच स्पर्धा भरली होती, तेव्हा मैदानावर लोटलेल्या लोकांना दोन्ही कुस्त्या एकाच छताखाली पाहावयास मिळाल्या. तक्रारी त्या व्यवस्थेविषयीही आहेत. तथापि मातीवर घालविलेली वर्षे शून्य धरायची नाहीत, एवढे तरी तीत मान्य केलेले आहे.

साताऱ्याचा संबंध आणखी एका नियमावलीशी आहे. हुतुतूचे निरनिराळे प्रकार महाराष्ट्रात चालत. कोठे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, कोठे बाद तो बादच. १९२१ साली साताऱ्यात या पद्धतींचा मेळ घालून नियमांची चौकट बांधण्यात आली. एक पद्धत उचलून दुसरी फेकून द्यावी, असे त्यांनी केले नाही, हे मला विशेष वाटते. पुढे हुतुतूची कबड्डी झाली, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ आले आणि लांब दमाच्या गड्यांची मिरास संपली, हा भाग निराळा.

संगणकाच्या खेळांतही मेळ घालणारे आहेतच. पबजी या खेळावर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तो बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परतला, तेव्हा जुन्या खात्यातील मिळकत नव्या खात्यात आणण्याची सोय खेळाडूंना देण्यात आली होती. त्या खेळापायी मुलांचे किती तास गेले हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण मुलांचा साठा हीही एक मिळकत आहे, हे व्यापाऱ्याला बरोबर कळले. माइनक्राफ्टच्या कर्त्यांनी तर २०२१ अखेरच्या आवृत्तीत भूमीची सारी रचना बदलली, तरी खेळाडूंनी आधी बांधलेली घरे जेथल्या तेथे ठेवली. नवी भूमी त्यांच्या कडेने जुळवून घेतली आणि नव्या गुहा त्यांच्या पायाखाली खोल खोदल्या. आमच्या नातवाचा खेळ इतक्या मायेने बनविलेला नसावा.

तो खेळ त्याने पुन्हा उघडला नाही. उन्हाळ्यात माळा आवरताना मामांची लाल वही निघाली, ती त्याच्या हाती पडली. शाळेत तो बुद्धिबळ शिकलेला, त्यामुळे चार पाने त्याने सहज मांडली आणि पाचव्या पानाशी अडला. प्यादे घोड्याच्या घरात गेल्यावर वजीर का करायचा नाही, असे तो विचारीत आला. मी कारण सांगितले. त्याने थोडा विचार केला, वजीर उचलून ठेवला, तेथे घोडा मांडला आणि सात खेळ्या मोजू लागला.