वर्ध्याचा उन्हाळा आणि संगणकाच्या पोटातील तारा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, की माणसांप्रमाणे संगणकाचीही घुसमट सुरू होते. कॅबिनेटमधील पंखे हवा फिरवतात, ती थंड करीत नाहीत. खोलीत ४० अंश तापमान असेल, तर आतील कोणताही भाग त्याखाली उतरणे शक्य नसते. सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवणाऱ्यांनी वीजतारांच्या मांडणीकडे लक्ष द्यायचे ते या कारणाने. काचेच्या झाकणातून दिसणारी शोभा नंतरची.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज एसएमपीएसच्या पेटीत १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात बदलते. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची आणि काळी परतीची, हा संकेत जुना. अलीकडच्या अनेक संचांत मात्र सर्वच तारा काळ्या असतात. तेव्हा रंगावर न विसंबता जोडाचा आकार पाहावा.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स रचना आणली, त्या वेळी मदरबोर्डला २० पिनांचा एकच जोड पुरत असे. २००० साली पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा ४ पिनांचा स्वतंत्र जोड आला. पुढे मुख्य जोड २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा बहुधा ८ पिनांचा झाला. नवख्यांची गफलत होते ती येथेच. प्रोसेसरचा जोड राहून गेला, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा जोडही दिसायला तसाच, पण त्यातील १२ व्होल्ट आणि परतीच्या तारांच्या जागा उलट असतात. प्रोसेसरचा जोड ४ अधिक ४ असा दुभंगतो, कार्डाचा ६ अधिक २ असा. जो सहज बसत नाही, तो जोर लावून बसवू नये.

याहून घातक चूक म्हणजे एका एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्याला लावणे. पेटीच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलतो. जोड बिनबोभाट बसतो आणि हार्ड डिस्क क्षणात जळते. तिच्यातील छायाचित्रे आणि हिशेब मग कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

जोडणीपूर्वी प्लग काढून सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबावे, म्हणजे उरलासुरला भार निघून जातो. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडू नये. प्रोसेसरची तार मदरबोर्डच्या मागून वरच्या कोपऱ्यातील छिद्रातून आधीच ओवून ठेवावी. मोठा हीटसिंक बसल्यावर तेथे बोट शिरत नाही. जोड खटका लागेपर्यंत दाबावा. अर्धवट बसलेल्या जोडात स्पर्श अपुरा राहतो आणि तेथेच उष्णता साठते. २०२२ मध्ये आलेला ६०० वॉटपर्यंतचा १६ पिनांचा जोड काही महागड्या कार्डांवर वितळल्याचे प्रकार त्याच वर्षी घडले. पूर्ण न बसणे हे त्यामागचे एक कारण ठरले, आणि २०२३ मध्ये रचना सुधारावी लागली. अशा तारेला जोडापासून सुमारे ३५ मिलिमीटरपर्यंत वाक देऊ नये.

उरलेल्या तारा मागच्या पोकळीत वेल्क्रोच्या पट्टीने सैलसर बांधाव्यात. नायलॉनचे टाय स्वस्त खरे, पण पुढे एखादा भाग बदलताना ते कापावे लागतात आणि सोबत तारही कापली जाते. आता, तारा नीट बांधल्या म्हणून तापमान दहा अंशांनी उतरेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. पूर्वीच्या रुंद, चपट्या आयडीई पट्ट्या हवेची वाट खरोखर अडवीत. आजच्या प्रशस्त कॅबिनेटमध्ये फरक थोडाच पडतो. पण लोंबती तार पंख्याच्या पात्यात अडकली किंवा पुढच्या जाळीसमोर धूळ धरून बसली, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात ते परवडणारे नाही. कूलरचा दमट झोतही थेट कॅबिनेटवर घेऊ नये. धूळ आणि ओल एकत्र आली की जोड गंजतात.

राहिला प्रश्न अर्थिंगचा. येथील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. ओल गेली की मातीचा विद्युतरोध वाढतो. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा संगणकात नसतो. तिसऱ्या पिनेची तार सॉकेटपर्यंत पोहोचली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पावसाळ्यापर्यंत अधूनमधून पाणी घालावे.