सात मेगाहर्ट्‌झवरची संध्याकाळ

दारू सोडलेल्या माणसाला सकाळ जड जात नाही. दुपार कामात निघून जाते. खरा घोर दिवस कलला की लागतो. वाळूजची शिफ्ट सुटते, कंपन्यांच्या बस बाबा पेट्रोल पंपाशी माणसं उतरवतात, परमिट रूमच्या पाट्या उजळतात, कुणीतरी कुणाला तरी ‘बसायचं का?’ असं विचारतं. वर्षानुवर्षं ज्या वेळी हात ग्लासाकडे गेला, ती वेळ शरीराला घड्याळ न बघता कळते.

याच सुमारास डोक्यावर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर काहीतरी घडत असतं. उन्हामुळे दिवसभर टिकून राहिलेला आयनांबराचा डी थर विरू लागतो. सात मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओलहरी हा थर शोषून घेतो. त्यामुळे चाळीस मीटरच्या बँडवर भर दुपारी संभाजीनगरहून पुणे, नाशिक, फार तर नागपूर गाठता येतं. सूर्य मावळला की अडसर जातो, लहरी वरच्या एफ थरावरून परतू लागतात आणि तोच बँड कोलकात्यापर्यंत, श्रीलंकेपर्यंत, एखाद्या रात्री आखातापर्यंत पसरतो. तलफेची वेळ आणि बँड उघडण्याची वेळ एकच आहे. माझ्यासारख्या काही जणांनी या जुळणीवर आपल्या संध्याकाळी उभ्या केल्या आहेत.

या लेखावर माझं नाव नाही. मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (ए.ए.) मीटिंगला जातो आणि तिथल्या बारा परंपरांपैकी अकरावी परंपरा सांगते की वृत्तपत्रं, रेडिओ आणि चित्रपटांच्या पातळीवर सभासदाने निनावी राहावं. रेडिओचा उल्लेख त्या परंपरेतच आहे. त्यामुळे माझा कॉलसाइनही इथे देता येत नाही, कारण परवान्यासोबत मिळणाऱ्या या कॉलसाइनवरून हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, नाव-गाव शोधणं कुणालाही जमतं. या पेचाकडे पुढे वळतो.

मला हौशी रेडिओच्या या छंदात आणलं ते मीटिंगमधल्याच एका वयस्कर माणसाने. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका, बोलणं मोजकं. मी मीटिंग संपल्यावर घरी जायला टाळाटाळ करतो हे त्यांनी हेरलं असावं. एका रविवारी म्हणाले, ‘गच्चीवर तार ओढायची आहे, धरायला ये.’ त्यात उपदेशाचा शब्द नव्हता. मी गेलो.

तार म्हणजे डायपोल अँटेना. सोपं गणित असतं: १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागलं की अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची मीटरमधली लांबी मिळते. ७.१ साठी साधारण वीस मीटर, म्हणजे मधल्या जोडापासून दोन्हीकडे दहा-दहा. पण गच्चीवर लोखंडी टाकी असते, स्लॅबमध्ये सळ्या असतात, शेजारून विजेच्या तारा जातात आणि खाली आपल्याकडचा काळा बेसाल्ट, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. गणितातलं उत्तर गच्चीवर जसंच्या तसं कधी येत नाही. म्हणून तार मुद्दाम लांब ठेवायची, बांबूवर मध्य उंच करून दोन्ही टोकं उतरती बांधायची आणि तार किती जुळली ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून कुठल्या फ्रिक्वेन्सीला काटा सर्वांत खाली येतो ते बघायचं. आमचा काटा ६.८५ च्या आसपास खाली आला. तार लांब होती. सोडायची, दोन्ही टोकांना सारखीच थोडी कापायची, परत चढवायची, परत मोजायचं. एकदम फार कापली तर जोड द्यावा लागतो, म्हणून अधीर माणसाला हे काम सोसत नाही. मी अधीर होतो. काका मात्र प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहून मगच खाली वाकत. काटा ७.१ वर आला तेव्हा अंधार पडला होता आणि तो सबंध संधिकाल माझ्या नकळत निघून गेला होता.

सोल्डरिंग मला नंतर जमलं, कारण हात. दारू तोडल्यावर पहिल्या काही तासांत सुरू होणारी थरथर हे वैद्यकशास्त्रातलं नेहमीचं लक्षण आहे, आणि फार पिणाऱ्यात दोन ते चार दिवसांनी येणारी भ्रमाची अवस्था जिवावर बेतू शकते. ज्याच्या घरी असा कुणी असेल त्याला कळकळीने सांगतो, एका दमात आणि घरच्या घरी दारू बंद करायला लावू नका. आधी डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. रेडिओ ही उपचाराची जागा नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारखी केंद्रं, मीटिंगा आणि घरच्यांचा आधार हे सगळं पार करून आलेल्या माणसाच्या हाताला आणि कानाला पुढे काम हवं असतं, ते रेडिओ देतो.

माझा पहिला सेट हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेल्या बिटएक्स मालिकेतला, सात वॅटच्या आसपास शक्तीचा. जुन्या झिरोच्या दिव्यालाही याहून जास्त लागते. इतक्या कमी ताकदीत बोलायचं असेल तर आधी भरपूर ऐकावं लागतं. कुठे जागा मोकळी आहे, कुणाचं बोलणं संपत आलंय, आभाळ कुठे गडगडतंय. वळवाच्या दिवसांत मराठवाड्यातल्या विजा हेडफोनमध्ये कडाडतात, आणि पावसाळ्यात वापर संपला की केबल सेटपासून काढून ठेवावीच लागते. शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांचा आणि इन्व्हर्टरचा खरखराट वेगळाच.

परवान्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने लागतो. चाळिशी उलटल्यावर, दारूने स्मरणशक्तीची दैना केल्यावर, ओहमच्या नियमापासून अभ्यास करणं मला जड गेलं. पण परीक्षा देता आली आणि पासही झालो. माझ्या मुलीने तो निकाल मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला. तिच्या आठवणीत बापाने हातात घेऊन तडीस नेलेलं ते पहिलंच काम असावं.

आता संध्याकाळच्या नेटकडे येतो. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमणारी मंडळी. आमच्यासारख्यांचं नेट सूर्यास्ताच्या आगेमागेच बसवावं लागतं, कारण फार उशीर झाला की बँड लांब पल्ल्याचा होतो आणि दोनशे-तीनशे किलोमीटरवरची स्टेशनं ऐकू येईनाशी होतात. ७.२ च्या वर तर परदेशी प्रसारण केंद्रांचे दणदणीत आवाज सुरू झालेले असतात. मधल्या तासाभरात काम उरकायचं. एकजण नेट कंट्रोल होतो. तो आपला कॉलसाइन सांगून चेक-इन मागतो, नावं लिहून घेतो आणि एकेकाला बोलायला देतो. प्रत्येकाने कॉलसाइन सांगायचा, सिग्नलचा रिपोर्ट द्यायचा, काय सांगायचं ते सांगायचं आणि ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचं. बटण दाबलेलं असताना आपल्याला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं शक्यच नसतं. मीटिंगमध्येही शेअरिंग चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. तिथे तो शिष्टाचार आहे, इथे यंत्राची रचनाच तशी आहे. दोन्ही ठिकाणी मला पहिले काही महिने तोंड मिटून बसणं जमत नव्हतं, आणि दोन्ही ठिकाणी कुणी मला त्यावरून टोकलं नाही.

बोलणं काय असतं? कोकणात पाऊस किती झाला, कुणाच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं, जायकवाडी किती भरलं, नवीन बॅटरी कितीला मिळाली. हौशी रेडिओचे नियमच असे आहेत की तांत्रिक प्रयोग आणि किरकोळ वैयक्तिक गप्पा यांच्यापलीकडे जायचं नाही. धंदा नाही, राजकारण नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषाही वापरता येत नाही. सगळं उघड, कुणीही ऐकावं असं. इथेच तो पेच येतो. मीटिंगच्या खोलीत आम्ही आडनाव टाकून फक्त नाव सांगतो आणि आयुष्यातलं सगळं बोलतो. हवेवर पूर्ण ओळख द्यावी लागते आणि दारूबद्दल अवाक्षर काढता येत नाही. माझ्या मते हवेवरच्या या दुसऱ्या मैत्रीची ताकद त्यातच आहे. दारूतून सुटलेला माणूस आपल्या आजाराबद्दल बोलून बोलून एका टप्प्यावर थकतो. घरीही विषय तोच, दवाखान्यातही तोच. कुणीतरी आपल्याला फक्त अँटेनाबद्दल विचारावं आणि आपलं उत्तर वहीत लिहून ठेवावं, याची भूक किती असते ते त्या टप्प्यावरून गेल्याशिवाय कळत नाही.

तरी माणसं एकमेकांना ओळखतातच. दक्षिणेकडच्या एका स्टेशनवरचे गृहस्थ दर बुधवारी घाईने निरोप घेत. एकदा म्हणाले, ‘आठला मीटिंग असते.’ कसली ते कुणी विचारलं नाही. पुढच्या एका बुधवारी निरोप घेताना हॅम मंडळींच्या ठरलेल्या ‘सेव्हन्टी थ्री’नंतर ते सहज म्हणून गेले, ‘चला, फक्त आजच्यापुरतं.’ हेडफोनमध्ये ते शब्द ऐकले आणि मी ताठ बसलो. माझी पाळी आल्यावर हवामान सांगितलं, रिपोर्ट दिला आणि शेवटी मीही तेच म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांचा आवाज आला: ‘रॉजर, दादा. शंभर टक्के कॉपी.’ बाकीच्यांना त्यात वेगळं काही वाटलं नसेल. त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आज ते माझ्या सर्वांत जवळच्या मित्रांपैकी आहेत आणि आमची प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही.

एकदा हेच गृहस्थ नेटवर आले नाहीत. नेट कंट्रोलने तीनदा पुकारलं, थांबला, ‘नो कॉपी’ म्हणून पुढे गेला. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मीटिंगमध्ये आठ दिवस गैरहजर राहिलं तरी ‘कामात असेल’ म्हणून चालून जातं. रोजच्या चेक-इनमध्ये मात्र गैरहजेरी तासाभरात कळते. मी फोन केला, पत्नीने उचलला, म्हणाल्या, ‘भाऊ, परत सुरू झालंय.’ स्लिप झाली होती. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींना सांभाळा असं मीटिंगमध्ये सतत सांगतात. त्यांच्या बाबतीत भाऊबंदकीच्या रागाने घात केला. त्यांच्या गावाजवळच्या मीटिंगमधल्या माणसांपर्यंत निरोप गेला, ते दाखल झाले, घरी आले. पुन्हा चेक-इन केलं त्या संध्याकाळी आवाज खोल गेला होता. नेट कंट्रोल दारूशी कसलाही संबंध नसलेला एक कॉलेजवयीन मुलगा होता. तो म्हणाला, ‘सर, फाइव्ह नाइन, बरेच दिवसांनी. अँटेना खाली होती का?’ ते म्हणाले, ‘हो, अँटेनाच खाली होती.’ मी नंतर फोनवर या वाक्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांना रडू आलं होतं.

ए.ए.चं मूळही अशाच एका हाकेत आहे. मे १९३५ मध्ये, धंद्यात अपयश घेऊन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावच्या मेफ्लॉवर हॉटेलात उभे असलेले बिल डब्ल्यू. एकीकडे बार आणि दुसरीकडे टेलिफोन बघत होते. त्यांनी चर्चच्या यादीवरून अनोळखी लोकांना फोन लावले, बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळावा म्हणून. त्यातून डॉ. बॉब भेटले, आणि त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा जन्मदिन मानतात. हेच बिल पोरवयात व्हरमाँटमधल्या ईस्ट डॉर्सेट गावी वायरलेसचा रिसीव्हर बनवून मोर्सचा सराव करत होते, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा आनंद झाला. भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमारास आली आणि आज आपल्या शहरात मराठीतून मीटिंगा होतात.

आपलं शहर या बाबतीत विचित्र आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात बिअर आणि मद्याचे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात या कारखान्यांचं पाणी आधी निम्मं आणि मग साठ टक्के कापावं असा आदेश इथल्याच खंडपीठाला द्यावा लागला होता. दारू बनवणाऱ्या शहरात न पिता राहायचं तर संध्याकाळी जायला जागा हवी. बाग आहे, देऊळ आहे, मशीद आहे, व्यायामशाळा आहे. ज्याला माणसांत मिसळायची अजून लाज वाटते, त्याला मात्र चेहरा न दाखवता माणसांत बसता येईल अशी जागा लागते. गटारीच्या आणि ३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही काही जण नेट संपल्यावरही फ्रिक्वेन्सी सोडत नाही. बँड लांबला की एकमेकांना ऐकू येत नाही, मग फोनवर येतो. सकाळी सातला परत चाळीस मीटरवर हजेरी.

हल्ली मीटिंगमधला एक तरुण माझ्याकडे येतो. वेल्डर आहे, सोडून थोडेच दिवस झालेत, हात अजून स्थिर नाही. परवाना नसल्याने तो बोलू शकत नाही, शेजारी बसून ऐकतो आणि वही लिहितो: वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, रिपोर्ट. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. परीक्षेची पुस्तिका त्याने आणली, डायपोलचं गणित स्वतः सोडवलं. त्याच्या मुकुंदवाडीतल्या गच्चीवर टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत सतरा मीटरच अंतर भरतं, त्यामुळे तारेची दोन्ही टोकं दीड-दीड मीटर खाली वळवावी लागणार. खांब तो स्वतः वेल्ड करतो म्हणालाय. रविवारी काकांना घेऊन जायचंय, त्यांच्याकडे लांब टेप आहे.