सुट्टीतला श्रमसंस्कार

मे महिन्यात कपाशीची वावरे मोकळी, शाळा-कॉलेजेही बंद. अशा वेळी तरुणांनी काय करावे? चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी 1960 नंतरच्या दशकात श्रमसंस्कार छावणी सुरू केली. सकाळी कुदळ-फावडे, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी. पुढे या छावणीला महाराष्ट्रभरातून शेकडो मुलेमुली येऊ लागली. तेथील शेती कुष्ठरोगातून बरे झालेल्यांनी उभी केली. त्यांच्यासोबत काम केले, एका पंगतीत जेवले की मनातली भीती जाते. हाच मोठा लाभ.

आपल्या सावरगावातही आठ दिवसांची छावणी भरवता येईल. उतारास आडवे बांध घातल्यास पाणी जिरते, माती राहते. मात्र काम पहाटे सुरू करून नऊच्या आत थांबवावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जवळ ठेवावे. अंग तापून कोणी बरळू लागल्यास सावलीत न्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसत दवाखाना गाठावा.

आणि अंगावर बधिर चट्टा दिसल्यास लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. सहा महिने ते वर्षभर नेमाने घेतल्यास कुष्ठरोग बरा होतो.