विषाणू आटोक्यात आला, हृदयाचे काय?

एचआयव्हीची लागण झालेली व्यक्ती लवकर उपचार सुरू करून रोज न चुकता गोळ्या घेत असेल, तर आज तिचे आयुर्मान इतरांच्या जवळपास पोचते. उपचार लागू पडले की नाही हे मात्र आपण अजून व्हायरल लोडवरूनच, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणावरूनच ठरवतो, आणि ते पुरेसे नाही. विषाणू दबलेला असतानाही या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा दीड ते दोन पट असतो. बरीच वर्षे याचे खापर औषधांवर फोडले जाई. काही जुन्या औषधांनी कोलेस्टेरॉल वाढे, हे खरेच होते. पण २००६ साली 'स्मार्ट' चाचणीचे निष्कर्ष आले. तीत ५,४७२ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधे प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी ३५०च्या वर असताना थांबवली जात आणि पेशी २५०च्या खाली गेल्या की पुन्हा सुरू होत. औषधे कमी झाली की त्यांचे दुष्परिणामही टळतील, असा होरा होता. घडले उलटेच. औषधे थांबवलेल्यांतच मृत्यू अधिक झाले, आणि हृदय, मूत्रपिंड व यकृताचे गंभीर आजारही.

म्हणजे दोष केवळ औषधांचा नव्हता. विषाणूपासून हृदयापर्यंतची एक वाट आतड्यातून जाते. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशींचा फडशा पाडतो. अस्तर कमकुवत झाले की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते. उपचारांनी हा दाह कमी होतो, पण पुरता विझत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मेदाचे थर साचायला एवढे निमित्त पुरते.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील स्टीव्हन ग्रिन्स्पून अनेक वर्षे या प्रश्नामागे आहेत. त्यांच्या नेतृत्वाखालील 'रिप्रीव्ह' चाचणीत भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वयाचे ७,७६९ रुग्ण होते. नेहमीच्या हिशेबाने यातल्या बहुतेकांना कोणी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, दिलेच नसते, कारण त्यांचा धोका कमी ते मध्यम गटातला होता. तरीही अमेरिकेतील सहभागींच्या एका गटाचे सीटी स्कॅन केले, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या हृदयाच्या धमन्यांत थर आढळले. निम्म्या रुग्णांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन हे स्टॅटिन आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०२३ साली आलेल्या निष्कर्षांनुसार झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, जेवढे उतरले, तेवढ्यावरून एवढ्या फायद्याची अपेक्षा नव्हती. स्टॅटिन दाहावरही काम करत असावे, हा तर्क म्हणूनच वजनदार ठरतो.

आक्षेप आहेत आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. ३५ टक्के हा आकडा मोठा वाटतो, पण वर्षाला हजारांमागे ७.३ घटनांऐवजी ४.८ घटना, एवढाच हा फरक आहे, असे कोणी म्हणेल. हिशेब बरोबर आहे. पण एचआयव्हीचे उपचार आयुष्यभराचे असतात आणि दरवर्षीचा हा फरक साचत जातो. दुसरा आक्षेप दुष्परिणामांचा. स्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेह ५.३ टक्के जणांना झाला, इतरांत ४ टक्के जणांना. स्नायूंच्या तक्रारीही थोड्या अधिक होत्या. त्यामुळे साखर तपासत राहणे आले, पण एवढ्यासाठी गोळीच नाकारणे मला पटत नाही. तिसरा मुद्दा आपल्याकडचा : आधीच रोजच्या गोळ्या, त्यात आणखी एक कशाला? तर तिचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाकडे दुसरी खेप घालायला न लावता एचआयव्हीची औषधे मिळतात त्या एआरटी केंद्रातच व्हायला हवा. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या महाराष्ट्राने तरी ही सोय करावी.

चाळिशी ओलांडलेल्यांनी पुढच्या तपासणीत व्हायरल लोडबरोबर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलचेही आकडे डॉक्टरांपुढे ठेवावेत आणि स्टॅटिनबद्दल थेट विचारावे. गोळी मनाने मात्र सुरू करू नये. सिम्व्हास्टॅटिनसारखी काही स्टॅटिन एचआयव्हीच्या ठरावीक औषधांसोबत धोकादायक ठरतात.