निशाणी नसलेली जुनी रापी कशी ओळखावी

गेल्या चैत्रात आमच्या परिचयाच्या एका शेतकरी घराण्यात वाटणीचे काम निघाले व सामानाची यादी लिहिण्यासाठी आम्हांस बोलावणे आले. महसूल खात्यात सारी नोकरी याद्या लिहिण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही असली कामे आमच्याकडे चालून येतात. माळ्यावरील एका पेटीत जुन्या गहाणखतांचा रुमाल होता व त्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले, वीतभर लांबीचे एक लोखंडी हत्यार निघाले. त्यावर नाव, शिक्का किंवा निशाणी काहीच नव्हते. थोरले बंधू म्हणाले, "भाऊसाहेब, हे आमच्या खापरपणजोबांचे लढाईतले हत्यार." हे ऐकताच धाकट्या बंधूंनाही ते आपल्या वाट्यास यावे असे वाटू लागले. तासाभरापूर्वी विहिरीच्या पाळीवरून जो वाद झाला नव्हता, तो या वीतभर लोखंडावरून होण्याचा रंग दिसला. इतक्यात थोरल्यांचे चिरंजीव ते ग्राइंडरवर घासून लखलखीत करून आणावयास निघालेच. आम्ही त्यास थांबविले, यादीत 'जुने हत्यार, नग १' इतकेच लिहिले आणि चार दिवस ते पाहण्यास मागून घेतले.

मोट गेली तरी मोटेच्या काळातील वस्तू पुष्कळ शेतकऱ्यांच्या माळ्यावर अद्याप पडून आहेत. तेव्हा हे हत्यार आम्ही कसे ओळखले ते सविस्तर सांगितल्यास वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट ही की, ओळख पटेपर्यंत जुने हत्यार घासू नये. गंज, डाग, मुठीवरील मळ हीच त्याची कागदपत्रे होत. एकदा घासली की त्यांची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसावी व फार तर गोड्या तेलाचा एक थेंब लावावा.

नंतर धार कोठे आहे ते पाहावे. चाकू, विळा, तलवार यांची धार पात्याच्या लांबीने असते. आमच्या पुढील हत्यारास मात्र ती शेवटास, आडवी होती. मुठीजवळ अरुंद असलेले पाते पुढे पंख्यासारखे पसरत जाऊन टोकास किंचित गोलाई घेत होते. एवढ्यावरूनच लढाईची गोष्ट मागे पडली, कारण अशा पात्याने ना भोसकता येते ना वार करता येतो. आडवी धार सुताराच्या पटाशीलाही असते, पण पटाशीचे पाते जाड असते व मूठ हातोडीचे घाव खाऊन वरून फुललेली असते. या मुठीचा बुंधा उलट तळहाताच्या दाबाने गुळगुळीत झालेला होता. खुरप्याचे म्हणाल तर त्याची मान वाकलेली असते. येथे मूठ आणि पाते एका रेषेत होते. पातळ, पसरट पाते, टोकाशी आडवी धार आणि तळहाताने पुढे रेटावयाची मूठ, ही तिन्ही लक्षणे चर्मकाराच्या रापीची आहेत.

रापी कापते तशी तासतेही. दोन चामडी एकावर एक शिवावयाची तर त्यांच्या कडा पातळ कराव्या लागतात, नाही तर शिवण जाड होऊन पायास रुतते. या तासण्यासाठी धारेची एक बाजू सपाट व दुसरी उतरती असणे सोयीचे पडते, कारण सपाट बाजू चामड्यावर टेकून पाते सारखे सरकते. हत्यार डोळ्यांसमोर आडवे धरून धारेकडे पाहिले की हा फरक तत्काळ दिसतो. आमच्या हत्याराचा उतार एकाच बाजूस होता.

परदेशातील चर्मकारांची हत्यारे निराळ्या घडणीची असतात. इंग्लंडात व अमेरिकेत खोगीर करणारे लोक अर्ध्या चंद्रासारखा चाकू वापरतात, ज्याची मूठ चंद्राच्या पाठीस मधोमध बसविलेली असते. ही घडण फार प्राचीन आहे. इजिप्त देशात थीब्ज येथे रेखमिरे नामक वजिराचे थडगे आहे. तेथील सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या चित्रांत चर्मकार अर्धचंद्राकृती चाकूने चामडे कापताना दाखविले आहेत. कोणाच्या घरी असा चाकू निघाल्यास त्याच्या मानेजवळ कारखान्याचा ठसा आहे काय ते अवश्य पाहावे. शेफील्डचा जॉर्ज बार्न्स्ली (स्थापना १८३६) किंवा अमेरिकेतील सी. एस. ऑस्बर्न (स्थापना १८२६) यांसारखे कारखाने आपल्या मालावर नाव उठवीत. ठसा झिजला असल्यास संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरावा अथवा त्यावर खडूची पूड हलकेच चोळावी. काचकागद मात्र लावू नये. झिजलेला ठसा त्याने कायमचा जातो.

आमच्या हत्यारावर यातून काहीच उमटले नाही, व त्यात नवल नाही. गावच्या लोहाराने नाव कोणासाठी घालावे? करणारा व घेणारा एकाच वेशीच्या आत राहत. निशाणी नसणे हीच येथे गावठी घडणीची खूण म्हणावयाची.

धातूवरून काळाचा अंदाज येतो, पण बेताचाच. गंज किती चढला यावरून वय काढू नये, कारण कोकणच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात जो गंज चढतो तो देशावरील कोरड्या माळ्यावर कित्येक वर्षांत चढत नाही. पाते न गंजणाऱ्या पोलादाचे असेल तर ते फार जुने नव्हे. तसले पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली केले व त्यानंतर ते पसरले. पात्यावर बारीक तिरप्या रेघा दिसल्या तर ते जुन्या कानशीचे केलेले असते. ट्रकच्या कमानपाट्याची रापीही असते, व ती अर्थातच मोटारी आल्यानंतरची. याहून जुनी रीत अशी की, लोहार पट्टी साध्या लोखंडाची घेई आणि धारेपुरते पोलाद तापवून, ठोकून तिच्याशी एकजीव करी. आम्ही पात्याच्या पाठीवर कानस हलकेच लावून पाहिली, ती रुतली; धारेजवळ लावली, ती घसरली. नंतर सांध्यावर नखाएवढ्या जागी लिंबाचा रस लावला, तेव्हा पोलाद अधिक काळे पडून दोहोंमधील रेघ उमटली.

सर्वांत बोलका पुरावा मात्र डागांचा होता. तांबड्या गंजाखाली पात्याच्या पुढच्या भागावर निळसर काळी झाक होती. जुन्या काळी कचेऱ्यांत शाई हिराकस व हिरडा यांची करीत. हिराकशीत लोखंड असते, हिरड्यात तुरट द्रव्य असते, आणि दोहोंचा संयोग झाला की काळा रंग होतो. बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्यातही तेच तुरट द्रव्य असल्यामुळे ते कापणाऱ्या लोखंडावर वर्षानुवर्षे जणू शाईच चढत जाते. केळफूल चिरणाऱ्या विळीवरही असा डाग पडतो हे खरे, म्हणून नुसत्या डागावर विसंबू नये. आकार, धार व डाग यांची साक्ष एक झाली म्हणजे निकाल द्यावा.

आमचा निकाल झाल्यावर ते फडके आम्ही उलगडून पाहिले. हे आधीच करावयास हवे होते, ही आमची चूक. घडीत बोटभर मोडी कागद होता. अभिलेख शाखेत असताना मोडीचा सराव झाला होता, त्यामुळे वाचता आला: दोन पायली जोंधळे दिले, रापी ठेवली. फिटल्याची नोंद कोठेही नव्हती.

कै. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाचे वाचक जाणतातच की, चांभाराचे स्थान बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत होते. कुणब्याची मोट, आसूड, जोडा हे सर्व त्याच्या रापीवर चाले. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. त्याच कलमाने शेतकऱ्याची औते, कामाची जनावरे व बियाणेही वाचतात. हा नियम जप्तीचा आहे, आपण होऊन ठेवलेल्या गहाणाचा नव्हे, हे आम्ही उभय बंधूंस स्पष्ट सांगितले. पण ज्या माणसाने दोन पायलींसाठी रापी ठेवली, तो दुसऱ्या दिवशी चामडे कशाने कापणार होता, हेही विचारले. थोरले बंधू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांचा नातू तालुक्याच्या बाजारात बसतो. चला."

नातू म्हणजे सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी रापी हातात घेतली, अंगठा आडवा फिरवून धार पाहिली व नंतर मूठ तळहातात बसवून पाहिली. धारेचा एक कोपरा अधिक झिजला होता, त्यावरून वापरणारा डावखुरा असावा असे अनुमान आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले. ते हसले. "नाही भाऊसाहेब. गोल चामडे फिरवीत फिरवीत लांब वादी काढली की हा कोपरा झिजतो. आजोबा मोटेच्या वाद्या काढायचे." त्यांनी कुंडीतील पाणी दगडावर शिंपडले व रापी घासावयास घेतली. या खेपेस आम्ही थांबविले नाही.

परत येऊन यादीतील ती बाब दोघा बंधूंच्या सह्या घेऊन खोडली.